माळावरची कातरणी

शेषेरावानं यंदा कातरणीची सावड मोडली. मोडली ती मोडली, वर समोरच्याच टेकाडावर कळप घेऊन येऊन बसला. यायचं नाही तर माणसानं निदान डोळ्यांपुढं तरी बसू नये. पंचफुलाबाईचा सगळा जळफळाट त्या बसण्यावर होता.

"बगा, बगा कसा बसलाय," ती नवऱ्याला म्हणाली. "सख्ख्या भावाच्या हाताला पलास्तर हाय, मेंढरं अंग घासून घासून रगत काढायलीत, अन् ह्यो तिकडं धोंड्यावर तमाकू मळायलाय. मी लग्न होऊन आले तवा ह्याला चड्डीचं भान नव्हतं. ह्याचं नाक मी पुसलंय, म्या!"

दगडोबानं पलास्तरचा हात दुसऱ्या हातावर ठेवला. "तू बी जावळात तसं बोलाया नको व्हतंस."

"काय खोटं बोलले?"

बोललेली गोष्ट खोटी होती की नाही, हा प्रश्नच नव्हता. भरल्या पंगतीत, हातात भाताचं टोपलं घेऊन, पंचफुलाबाई सगळ्या भावकीला ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "आमच्या शेषेरावानं जत्रंतून एडका न्हाई, खरूज आणली. एडका वर फुकट मिळाला." पंगत हसली. शेषेराव अर्ध्या ताटावरून उठला. तिथंच सावड संपली.

त्यांच्यात कातरणीला मजूर लावायची रीत नाही. आज तुझ्या वाडग्यात सगळे, उद्या माझ्या वाडग्यात सगळे. एकानं धरायचं, एकानं कातरायचं, बायकांनी धरू लागायचं आणि लोकर वेचायची. बाईनं कातर हातात घ्यायची नाही, हीही रीतच. आणि या दोन्ही भावांत शेषेरावाची कातर अशी, की मेंढी खाली निजायची आणि उठायची ती हलकी होऊन. मधे काय झालं हे तिला कळायचंसुद्धा नाही. दगडोबा पडला, मनगट मोडलं. मुलगा बजरंग नांदेडला ऑटो चालवतो, त्याला कातर कशाशी खातात ठाऊक नाही. म्हणजे सगळी भिस्त शेषेरावावर, आणि शेषेराव टेकाडावर.

इकडं खरूज काही कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नव्हती. चैताचं ऊन, त्यात अंगावर लोकरीचं ओझं आणि लोकरीखाली आग. मेंढ्या बाभळीच्या खोडाला खांदा लावून घासायच्या, स्वतःचीच लोकर दातानं उपटायच्या. कुठं कुठं कातडं पापुद्र्यासारखं जाड होऊन चिरलेलं. दोन कोकरं गेली. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं बाटली दिली आणि बजावलं, "आधी लोकर काढा. वरून कितीही ओतलं तरी औषध कातडीला लागणार नाही."

सगळ्यात वाईट झालं ते तलावावर. चंद्रप्पा, दुसऱ्या वाडीचा मेंढका, तसा गरीब माणूस, पण तो वाटेत आडवा उभा राहिला आणि आपल्या वहाणांकडे बघत म्हणाला, "वयनी, वाईट वाटून घिऊ नका. पर औषध झाल्याबिगर तुमची मेंढरं तळ्याव नका आणू. आमच्यात बी लेकरागत जितराब हाय."

आयुष्यात पंचफुलाबाईला कुणी वाटेवरून माघारी लावलं नव्हतं. तिनं कळप वळवला. तेव्हापासून सासू-सून गावाच्या कडेच्या हापशावरून घागरी आणत होत्या आणि जुन्या टायरच्या टोपल्यात ओतत होत्या. मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढून पाणी सांडायची. हापशावरच्या बाया हिला बघून आपल्या घागरी जराशा बाजूला सरकवायच्या. ते जरासं सरकवणं तिला चंद्रप्पाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

"आत्याबाई," सून सत्यशीला घागर उतरवताना म्हणाली, "माझ्या भावाचं कातरायचं मशीन आणू का? देगलूरला हाय. मला चालवता येतं."

"तुझ्या माहेरी घरात लाईट हाय. हितं माळाव काय, बाभळीत पिन घालतीस?"

"फारूकभाईचं इन्व्हर्टर आणायचं."

"आन् बाईनं कातर धरायची?" दगडोबा मधेच म्हणाला.

पंचफुलाबाईनं टेकाडाकडे पाहिलं. धोंड्यावर आता शेषेराव आडवा झाला होता. डोक्याखाली हात, गुडघ्यावर गुडघा.

"मशीन म्हंजी कातर न्हाई," ती म्हणाली. "आण गं तू."

मेंढरं त्याच दिवशी अंगावर पाणी ओतून धुतली, पार वाळू दिली, आणि सत्यशीलानं देगलूरहून मशीन आणलं. जळकोटचा फारूक दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप घेऊन आला तो वरातीत आल्यासारखा. मंडप आणि स्पीकरचा त्याचा धंदा. गाडीवर भोंगे, आतमध्ये तारांची भेंडोळी, आणि सीटच्या मागं ती इन्व्हर्टरची पेटी. शिवणयंत्राच्या डोक्याएवढी, काळी, अंगावर पन्हाळी पाडलेली, एका बाजूला इवलासा पंखा.

"मावशी, घबरायचं नाही," गाडीतून उतरायच्या आधीच तो बोलत होता. "ह्या पेटीवर मी उदगीरपर्यंत वराती नाचवल्यात. लाईट गेली की मशिदीतला भोंगा ह्याच्यावर, मारुतीच्या देवळातला बी ह्याच्यावर. ॲम्ब्युलन्समधे पेशंटची मशीन चालते ती अशाच पेटीवर. शेतात सोलरचा पंप बघितला? त्याच्या खांबाला डबा असतो ना, तो ह्याचाच भाऊ!"

"भाऊ असंल," पंचफुलाबाई म्हणाली. "भावाभावांचं आमी बगून ऱ्हायलोत. करतंय काय ते सांग."

फारूकनं बॉनेट उघडलं. "ही बॅटरी. हिच्यातली लाईट जाते एकाच बाजूनं. निघाली की निघाली, सरळ. आणि हिचा धक्का बारीक. घरातली लाईट कशी, जाते-येते, जाते-येते. ही पेटी काय करते, बॅटरीची सरळ लाईट घेते, तिला पुढं-मागं, पुढं-मागं पळवते, आणि धक्का वाढवून घरच्याएवढा करते. मग मशीनला वाटतं, आपण घरातच लागलोय."

पंचफुलाबाईनं पेटीकडे नीट पाहिलं. "म्हंजी सावडीवानी. जायचं, यायचं."

"हाव मावशी! एकदम करेक्ट! एका सेकंदात पन्नास बार जाऊन येते."

"एका सेकंदात पन्नास?" ती टेकाडाच्या दिशेनं वळून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, "ऐकलं का? पेटी सेकंदात पन्नास खेपा करती! माणसाला वर्साची एक जड व्हती!"

टेकाडावर गुडघ्यावरचा गुडघा खाली आला.

आवाजानं मेंढरं बुजतील म्हणून फारूकनं गाडी लांब, बांधाच्या पलीकडे ठेवली. बॅटरीपासून बारीक तार सोडत सोडत वाडग्यापर्यंत आणली आणि पेटी तिथं धोंड्यावर मांडली. पंचफुलाबाईनं पेटीला हळद-कुंकू लावलं. सत्यशीलानं पदर खोचला, एक म्हातारी मेंढी पाडली, पायात पाय अडकवला आणि मशीनचं बटण दाबलं.

घर्रर्र झालं. सगळ्यांच्या अंगावर काटा आला. मेंढीच्या पाठीवर हातभर पट्टा निघाला, आतली पांढरी लोकर फुलासारखी उलगडली. दगडोबा बसल्या जागेवरून अर्धा उठला. आणि पेटी टीं टीं टीं करून मेली.

पुन्हा लावली. घर्र. टीं टीं टीं.

टेकाडावरून हसणं आलं. मुद्दाम ऐकू यावं असं, तोंडापुढं हाताचा भोंगा केलेलं हसणं.

पंचफुलाबाईचे कान तापले. पाठीवर एक पट्टा काढलेली मेंढी उठून सगळ्यांत फिरत होती, जशी काय शेषेरावाला दाखवतच होती.

"बॅटरी तर फुल हाय," फारूक डोकं खाजवत म्हणाला. तारेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. "तार गरम झालीय."

"बॅटरीचा धक्का बारीक म्हनलास न्हवं?" पंचफुलाबाई म्हणाली.

"हाव."

"मंग बारीक पाणी इतक्या लांबच्या पाटानं आणलंस, तर मधीच मुरंल न्हाई तर काय व्हईल? वावराला पाणी कंदी दिलंस का? पेटी गाडीपशी न्हे. पाणी थोर झालं की मंग लांब आण."

"मी तेच म्हणणार व्हतो, मावशी."

"म्हण की मंग. आमी ऐकतोच हाव."

पेटी बॉनेटपाशी गेली. बॅटरीच्या कानांना दोन जाड, आखूड तारा चिमट्यांनी लावल्या, आणि पेटीच्या पुढून, घरच्याएवढा धक्का मिळाल्यावर, लांब तार वाडग्यापर्यंत आली. फारूकनं गाडी चालू ठेवली, म्हणजे बॅटरी बसायची नाही. सत्यशीलानं तीच पट्ट्याची मेंढी पुन्हा पाडली.

या वेळी घर्रर्र थांबलं नाही.

सत्यशीलाचा हात पोटापासून निघाला तो कुशीवरून पाठीपर्यंत. मानेपाशी वळला, दुसऱ्या कुशीला उतरला. लोकर तुकड्या-तुकड्यांनी नाही, अख्खी चादर उतरल्यासारखी खाली आली. मेंढी उठली ती बकरीएवढी, हलकी, लाजल्यासारखी. आणि तिच्या गुलाबी कातड्यावर खरजेचे चट्टे आता उघडे, डोळ्यांना दिसणारे. दगडोबानं डाव्या हातानं कापडाचा बोळा बाटलीतल्या औषधात बुडवला आणि चट्ट्यावर दाबला. मेंढी फुरफुरली, आणि मग चक्क डोळे मिटून उभी राहिली.

"लागलं!" दगडोबा ओरडला. इतका ओरडलेला तो त्याच्या लग्नातसुद्धा कुणी ऐकला नव्हता. "कातड्याला लागलं! आण दुसरी, आण!"

मग काही विचारू नका. पंचफुलाबाई मेंढरं धरायची, पाडायची, ढकलायची. धरताना प्रत्येकीला नावानं शिवी आणि सोडताना पाठीवर थाप. सत्यशीलाचे केस सुटले, तोंडावर लोकर चिकटली, ती फुंकर मारून उडवायची आणि हसायची. फारूक ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसला होता आणि शिंकत होता. शिंकता शिंकता तो विचारायचा, "चाललंय ना मावशी? चाललंय ना?" आणि हिकडून दोघी एकदम, "चाललंय!"

ऊन चढलं. माळावर वारा सुटला, धुळीच्या वावटळी उठायला लागल्या. पाणी आणायला गाडीकडे गेलेल्या पंचफुलाबाईला ती पेटी उन्हात, धुळीत उघडी पडलेली दिसली. सकाळपासून राबतंय बिचारं, आणि डोक्यावर कापडाचा तुकडा नाही. तिनं आपल्या डोक्यावरचं घोंगडं काढलं, चौपदरी केलं, आणि बाळाला गुंडाळावं तसं पेटीला गुंडाळलं. काठ नीट आत खोचले.

थोड्या वेळानं वाडग्यात मशीन थांबलं. टीं सुद्धा नाही. नुसतं गप्प.

फारूक खाली उतरला, पुढं आला, आणि घोंगडं बघून त्यानं दोन्ही हात डोक्याला लावले. "या अल्ला! मावशी, हे कुणी केलं?"

"म्या केलं. उनात जळत व्हती."

वाडग्यातून धावत आलेल्या सत्यशीलानं घोंगडं ओढून काढलं. पेटी तव्यासारखी तापलेली. पंख्याच्या जाळीत लोकरीचे धागे घट्ट बसलेले.

"मावशी, राबताना ही तापते. पंखा तिचा श्वास हाय. तुमी तिचं नाकच बांधलं!"

सगळे पंचफुलाबाईकडे बघत राहिले. तिनं घोंगडं झटकलं, खांद्यावर टाकलं.

"मंग सांगाया नको व्हतं? वराती नाचवल्या ते सांगितलंस, मशीद सांगितलीस, देऊळ सांगितलंस. तिला नाक हाय एवढंच राहिलं तुझ्या तोंडातून."

फारूकला हसू आवरेना. सत्यशीला पाठ फिरवून हसत होती. पंचफुलाबाईनं काटकी घेतली, उकिडवी बसली आणि जाळीतला एकेक धागा स्वतः काढला. मग बाभळीच्या दोन फांद्या रोवून वरून धोतराचं पान बांधलं. बाजू चारी मोकळ्या. "आता घे म्हणावं श्वास." पेटी निवली, पंखा फिरला, मशीन सुरू झालं.

आणि नेमका तेव्हाच शेषेरावाचा कळप टेकाडावरून खाली उतरताना दिसला.

"पाण्याला चाललाय वाटतं," दगडोबा म्हणाला.

"हिकडं पाणी हाय का?" पंचफुलाबाई म्हणाली. "वळून बगू नका कुणी."

शेषेराव वाडग्याच्या कडेला येऊन थांबला. त्याची मेंढरं थांबली आणि थांबल्या थांबल्या एकमेकांना घासायला लागली. एक तर वाडग्याच्या कुंपणालाच खांदा लावून उभी राहिली. तोंडातली तंबाखू त्यानं इकडून तिकडे केली.

सत्यशीलानं मशीन बंद केलं. "आत्याबाई, काकांना बसायला..."

"त्येला तोंड हाय. तू कातर."

मशीन पुन्हा घरघरलं. शेषेराव बघत राहिला. हातांकडे, मनगटाच्या वळणाकडे. शेवटी त्याच्यानं राहवेना.

"कानामागं सोडतीया पोरगी," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "जांगंत बी ऱ्हायलं. खरूज तितंच तर बसती."

बोलणं खरं होतं. कानामागं, जांघेत, पायाच्या वळणांत मशीनचे दात कातडी ओढत होते. दोन ठिकाणी रक्त आलं होतं, म्हणून सत्यशीला ती जागा सोडत होती. आणि खरजेची कीड तिथं राहिली तर सगळी मेहनत मातीत. आठवड्यात पुन्हा कळपभर.

पंचफुलाबाईनं हातातली मेंढी सोडली नाही. "तितं कातर लागती," ती म्हणाली. "हाय का कुणापशी?"

शेषेरावानं कंबरेची कातर काढली. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून खाली बसला. पंचफुलाबाईनं मेंढीचा कान धरला, मान वळवून दिली, जशी इतकी वर्षं वळवून दिली होती. कातर चुकचुकली. कानामागची जागा नखासारखी साफ निघाली; मेंढी हललीसुद्धा नाही.

मग कामानं जो वेग घेतला तो बघायला खरं तर सगळा गाव यायला हवा होता. अंग मशीनचं, कोपरे कातरीचे. सत्यशीला चादर उतरवून मेंढी पुढं सरकवायची, शेषेराव कान-जांघ साफ करायचा, दगडोबा औषध फासायचा. कुणी कुणाला थांब म्हणायचं नाही. फारूक गाडीतून ओरडला, "मावशी, भोंगा लावू का? गाणी?" आणि पंचफुलाबाई म्हणाली, "लाव! बुजली तर बुजली!" माळावर वरातीतली गाणी घुमली. मेंढरं जराशी बुजली, मग तीही सरावली.

दगडोबाचा कळप संपला. पेटीचा पंखा अजून फिरत होता. शेषेराव उठला, कातर धोतराला पुसली, आणि तिथंच घोटाळला. त्याची मेंढरं मागं घासत होती. त्याला म्हणायचं काय होतं ते सगळ्या माळाला दिसत होतं आणि त्याच्या तोंडातून निघत नव्हतं.

"वयनी," तो म्हणाला. "माजी बी..."

"दिसतंय मला," पंचफुलाबाई म्हणाली. "मला काय डोळे न्हाईत? आदी एडका आण."

शेषेरावाचा चेहरा पडला. "एडका मागनं..."

"आदी एडका."

जत्रेतला तो एडका दांडगा होता. शिंगं वळलेली, मान ताठ. दोघांनी धरला तेव्हा कुठं पडला. सत्यशीलानं मशीन खांद्यावरून फिरवलं. लोकर बाजूला झाली आणि आत तळहाताहून मोठा, जुना, कवचासारखा वाळलेला चट्टा. असा चट्टा चार दिवसांत होत नाही. फारूकनं गाणी बंद केली. दगडोबानं बोळा हातात तसाच धरला. शेषेराव खाली बघत होता, आणि एडका तेवढा मोकळ्या हवेत सुखानं मान ताणत होता.

पंचफुलाबाईनं बोळा नवऱ्याच्या हातातून घेतला, औषधात बुडवला, आणि तो चट्टा स्वतः काठापासून मधोमध भिजवला. "पुढची घ्या," एवढंच म्हणाली.

दिवस कलायच्या आत शेषेरावाचाही कळप निघाला. फारूकनं गाडी बंद केली तेव्हा माळावर इतकी शांतता झाली, की कान दुखल्यासारखे वाटले. दोन्ही कळप एकमेकांत मिसळून उभे होते. कोणतं कुणाचं ते ओळखू येईना, सगळीच उघडी-नागडी, औषधानं ओली, आणि कुणीही कशाला घासत नव्हतं. लोकरीचा ढीग कमरेएवढा झाला होता. फारूकनं त्यात हात घालून पाहिला आणि अम्मीला गादीसाठी थोडी मागितली. सत्यशीलानं त्याची पोती भरली.

पंचफुलाबाईनं फडकं सोडलं. भाकरी, ठेचा, कांदा. सगळ्यांच्या हातावर वाढलं. शेषेराव लांब उभा होता, जावळातल्या पंगतीतून उठला होता तेव्हापासून जणू उभाच होता. तिनं त्याच्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवले.

"शेषेराव, तुज्या एडक्यानंच खरूज आणली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "हे म्या जावळात बोलले, हितं बोलते, अन् उद्या तळ्याव चंद्रप्पाम्होरं बी बोलणार. आन् तुज्यासारखी कातर ह्या पंचक्रोशीत कुणाच्या बापाला येत न्हाई, हे बी तितंच बोलणार. आता बस भाकरीला. आदी हात धू, खरजंचा हाय."